एका केंद्राचा के आणि ग्रहाचा केपी : चुंबकमापक उभारणीच्या नोंदी

२ जून २०२४

मे महिन्याच्या १० आणि ११ तारखेच्या चुंबकीय वादळात केपी निर्देशांक, म्हणजे साऱ्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची हालचाल ० ते ९ मध्ये सांगणारा आकडा, ९ पर्यंत, म्हणजे मोजपट्टीच्या अगदी वरच्या टोकापर्यंत गेला. जी५ श्रेणीचे, म्हणजे जी१ ते जी५ यांतील सर्वांत तीव्र, वादळ २००३ नंतर प्रथमच नोंदले गेले. त्या दिवसांचे आकडे सर्वांना आयते मिळाले, परंतु ज्या १३ वेधशाळांच्या नोंदींवरून केपी काढला जातो त्या साधारण ४४ ते ६० अंश भूचुंबकीय अक्षांशांच्या पट्ट्यातील आहेत, आणि त्यांपैकी कॅनबेरा व आयरवेल या दोनच दक्षिण गोलार्धात आहेत. कमी अक्षांशावर राहणाऱ्याला आपल्या जागी चुंबकीय क्षेत्र किती हलले हे केपीवरून कळत नाही. म्हणून एक साधा चुंबकमापक उभारायचा, त्याच्या नोंदींवरून स्थानिक के निर्देशांक, म्हणजे त्या एकाच जागेचा ० ते ९ मधला आकडा, काढायचा आणि तो केपीच्या शेजारी ठेवून पाहायचा, असे हे काम आहे. हेच काम पुढे कोणी हाती घेतले तर कोणत्या टप्प्यावर वेळ जातो हे आधी कळावे, यासाठी या नोंदी ठेवत आहे.

९ जून

यंत्राला हात लावण्यापूर्वी केपीची १९३२ पासूनची मालिका पॉट्सडॅमच्या जीएफझेड संस्थेकडून उतरवून घेतली. एका दिवसात तीन-तीन तासांचे आठ कालखंड असतात आणि ते जागतिक वेळेनुसार ००, ०३, ०६ असे सुरू होतात. केपीची किंमत तृतीयांशांत दिली जाते. ५ उणे, ५ आणि ५ अधिक या तीन पायऱ्या फाइलमध्ये ४.६६७, ५.००० आणि ५.३३३ अशा दिसतात, आणि ० पासून ९ पर्यंत अशा एकूण २८ पायऱ्या होतात.

दोन ठिकाणी आकडे फसवे निघाले. प्रत्येक ओळीत कालखंडाच्या सुरुवातीचा तास आणि मध्याचा तास असे दोन वेगळे स्तंभ आहेत. आलेख मध्यावर काढला आणि स्वतःची मोजणी सुरुवातीपासून धरली, तर दोन रेषा दीड तासाने सरकतात आणि हा फरक यंत्राचा आहे असा भास होतो. दुसरे असे की नसलेली किंमत उणे एक म्हणून लिहिलेली असते. ती गाळली नाही तर सरासरी गुपचूप खाली येते.

केपीची सरासरी काढू नये हे नवशिक्याने पहिल्याच दिवशी लक्षात ठेवावे, कारण ही मोजपट्टी जवळजवळ लॉगरिदमी आहे. समजा एखाद्या दिवशी सात कालखंडांत केपी १ आहे आणि एका कालखंडात ८ आहे. सरळ सरासरी १.८७५ येते आणि दिवस शांत वाटतो. परंतु केपीच्या प्रत्येक पायरीला एक रेषीय किंमत ठरलेली आहे, जिला तीन तासांचा एपी म्हणतात: १ साठी ४ आणि ८ साठी २०७. या आठ किंमतींची सरासरी म्हणजे दिवसाचा एपी. तो इथे २९ च्या वर जातो, म्हणजे साधारण केपी ४ च्या तोडीचा. त्याच दिवसाचे इतके भिन्न चित्र उभे राहत असल्याने यापुढे सगळी बेरीज-सरासरी एपीवरच करायची असे ठरवले आहे.

२३ जून

आरएम ३१०० हा तीन अक्षांचा सेन्सर घेतला आहे आणि नोंदी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर साठवत आहे. सेन्सर निवडताना मोजपट्टीची खालची बाजू आधी पाहणे आवश्यक होते. के निर्देशांक ठरतो तो तीन तासांत चुंबकीय क्षेत्राच्या क्षैतिज (जमिनीला समांतर) घटकातील अनियमित हालचालीच्या कमाल ते किमान पल्ल्यावरून. दोन क्षैतिज घटकांपैकी ज्याचा पल्ला मोठा तो धरायचा. जर्मनीतील नीमेग्क वेधशाळेसाठी के ९ ची खालची मर्यादा ५०० नॅनोटेस्ला (चुंबकीय क्षेत्राचे एकक) आहे. प्रत्येक वेधशाळेसाठी ही मर्यादा वेगळी असते: अलास्कातील कॉलेज वेधशाळेत ती २५०० आहे, तर होनोलुलूला ३००. मधल्या पायऱ्या मात्र सर्वत्र याच मर्यादेच्या ठरावीक प्रमाणात असतात. मी ३०० धरली आहे आणि त्यानुसार के १ ची सुरुवात ३ नॅनोटेस्लापासून, के २ ची ६ पासून, के ३ ची १२ पासून आणि के ५ ची ४२ पासून होते.

इथेच अडचण उभी राहिली. मूळ मांडणीत या सेन्सरचा एक अंक सुमारे १३ नॅनोटेस्लाचा असतो, म्हणजे एकेका वाचनावर विसंबले तर के ० ते के २ यांत फरकच करता येणार नाही. एका वाचनासाठी सेन्सर जितकी आवर्तने मोजतो ती संख्या २०० वरून ४०० केल्यावर एक अंक साधारण साडेसहा नॅनोटेस्लाचा झाला, आणि सेकंदाला दहा वाचने घेऊन त्यांची मिनिटाची सरासरी काढल्यावर रेषा वापरण्याजोगी झाली. वाचनांमध्ये थोडा गोंगाट असतो म्हणूनच ही युक्ती चालते: गोंगाट मुळीच नसता तर प्रत्येक वाचन त्याच अंकावर अडकून राहिले असते आणि सरासरीने काहीही हाती लागले नसते.

आवर्तने बदलली की अंकांचे नॅनोटेस्ला करणारा गुणकही बदलावा लागतो. तो जुनाच राहिल्यामुळे क्षेत्राची एकूण तीव्रता अपेक्षेच्या दुप्पट दिसू लागली होती. आयजीआरएफ या जागतिक प्रतिमानातून आपल्या अक्षांश-रेखांशासाठी येणारी किंमत शेजारी लिहून ठेवली असेल, तर अशी गडबड दोन मिनिटांत उघड होते.

७ जुलै

जागेची निवड. घरात ठेवलेला सेन्सर रात्रीसुद्धा पायऱ्या-पायऱ्यांनी हलत होता. त्यामागे पंखे, पंप आणि लोखंडी कपाटाची उघडझाप होती. चुंबकीय वस्तूचा प्रभाव अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतो, त्यामुळे अंतर दुप्पट केले की त्रास आठव्या हिश्शावर येतो. ढाल किंवा आवरण यांवर विचार करत बसण्यापेक्षा केबल लांब टाकणे केव्हाही सोपे आहे. मात्र सेन्सर आणि संगणक यांच्यातील आयटूसी जोडणी काही फुटांपलीकडे तग धरत नाही. वाचने मध्येच शून्य येऊ लागली, आणि केबलची जाडी बदलून पाहण्यात बराच वेळ गेला. शेवटी दोन्ही टोकांना पीसीए ९६१५ या चिपची विभेदी जोडणी बसवली आणि नेटवर्कची साधी पीळदार जोड्यांची केबल वापरली, तेव्हा शून्ये थांबली.

गाड्या उभ्या राहतात ती जागा अजूनही पुरेशी दूर नाही. गाडी आली की रेषेत एक कोनेदार पायरी दिसते आणि गाडी गेली की तेवढीच उलटी पायरी उमटते. खरी भूचुंबकीय हालचाल इतकी काटकोनी कधीच नसते, म्हणून लागोपाठच्या दोन मिनिटांतील फरक ठरावीक मर्यादेपलीकडे गेला आणि मग रेषा स्थिर राहिली तर ती पायरी वजा करणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला आहे. वादळाच्या वेळी तो बंद ठेवावा लागेल, कारण वादळाचा पहिला धक्का दिसायला पायरीसारखाच असतो.

२१ जुलै

तापमान. सगळ्या कामात सर्वांत जास्त दिवस याने खाल्ले.

सेन्सर जमिनीवर, हवाबंद डब्यात आणि सावलीत होता. क्षैतिज घटकाचा रोजचा आलेख अगदी पुस्तकी दिसत होता: सकाळी चढ, दुपारी माथा, संध्याकाळी उतार. सूर्यप्रकाशामुळे आयनांबरात (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात) वाहणाऱ्या प्रवाहांचा जो शांत दैनिक बदल असतो, तो कमी अक्षांशांवर असाच असतो, त्यामुळे समाधान वाटले होते. शंका आली ती माथ्याच्या वेळेवरून. तो प्रवाह स्थानिक मध्यान्हाच्या आसपास, बहुधा थोडा आधीच, शिखर गाठतो. माझ्या आलेखात मात्र शिखर दुपारी उशिरा येत होते, जेव्हा डबा सर्वाधिक तापलेला असतो. डब्यात डीएस १८बी२० हा तापमापक ठेवल्यावर दोन्ही रेषा जवळजवळ एकमेकींवर बसल्या. दिसत होते ते बहुतांशी डब्याचे तापमान होते.

पहिला उपाय गणिती केला: तापमान आणि क्षेत्र यांचा संबंध काढून तो वजा केला. तो फसला, कारण दिवसा तापमान आणि खरा दैनिक बदल दोन्ही एकदमच चढतात, आणि वजाबाकीत खऱ्या बदलाचाही मोठा भाग निघून जातो. हा संबंध काढायचाच असेल तर फक्त रात्रीच्या शांत तासांवरून काढावा, कारण तेव्हा आयनांबरातील प्रवाह जवळजवळ नसतो आणि डबा हळूहळू थंड होत असतो. पण सर्वांत चांगला उपाय फावड्याचा निघाला. जवळजवळ एक मीटर खोल खड्डा करून त्यात प्लॅस्टिकचा जाड पाइप उभा पुरला, सेन्सर तळाशी ठेवला आणि वर कोरड्या भुशाची पिशवी दाबून बसवली. त्या खोलीवर दिवस-रात्रीच्या तापमानाची लाट जवळपास मरते आणि ऋतूचा संथ बदल तेवढा उरतो. के ला त्याच्याशी देणेघेणे नाही, कारण के फक्त तीन तासांतील पल्ला पाहतो.

पाइपच्या तळाला पाणी साचू नये म्हणून खाली खडीचा थर दिला आहे. सेन्सरभोवती लोखंडी स्क्रू एकही नसावा. पितळी किंवा नायलॉनचे वापरावेत, आणि पितळी म्हणून घेतलेला प्रत्येक स्क्रू चुंबकाला लावून पाहावा.

४ ऑगस्ट

दिशा लावली. पूर्वाभिमुख अक्षाचे वाचन शून्य होईपर्यंत सेन्सर पाइपमध्ये फिरवला. त्यामुळे पहिला अक्ष थेट क्षैतिज घटकावर आला आणि दुसऱ्या अक्षावर दिक्पाताचे (चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतील कोनाचे) बारीक बदल दिसू लागले. पातळी पाण्याच्या बुडबुड्याने साधली. यात विशेष काही घडले नाही.

१२ ऑगस्ट

आज जी४ श्रेणीचे वादळ होते आणि यंत्र चालू होते. क्षैतिज घटकाची घसरण स्पष्ट दिसली. दुर्दैवाने मधे वीज गेली, आणि परत आल्यावर रास्पबेरी पायचे घड्याळ नेटवर्कवरून वेळ मिळेपर्यंत जुनीच वेळ दाखवत राहिले. त्यामुळे नोंदींचा एक तुकडा दुसऱ्या तुकड्यावर चढला. त्याची खरी वेळ पुन्हा बसवता आली नाही आणि तो कालखंड सोडून द्यावा लागला. डीएस ३२३१ हे बॅटरीवरचे घड्याळ जोडले आहे. आता वेळेची खात्री होईपर्यंत प्रोग्रॅम नोंदच सुरू करत नाही. चुकीच्या वेळेच्या नोंदीपेक्षा नोंद नसलेली बरी, कारण रिकामी जागा निदान दिसते.

१ सप्टेंबर

आता खरा प्रश्न: शांत दिवसाची रेषा. के काढण्यासाठी मिनिटांच्या नोंदींमधून आधी नियमित दैनिक बदल काढून टाकावा लागतो आणि मग उरलेल्या भागाचा पल्ला मोजावा लागतो. जीएफझेड दर महिन्याचे दहा सर्वांत शांत आणि पाच सर्वांत अशांत दिवस जाहीर करते. त्यांतील पाच शांत दिवसांची सरासरी हीच रेषा धरून पाहिली.

हे जमले नाही. आयनांबरातील दैनिक बदल रोज सारखा नसतो. एखाद्या दिवशी शिखर उंच असते, एखाद्या दिवशी ते तासभर आधी येते. महिन्याची सरासरी रेषा वजा केली की दुपारच्या कालखंडात वीस-तीस नॅनोटेस्लाचा खोटा उंचवटा उरतो आणि माझ्या मोजपट्टीवर तो थेट के ३ किंवा ४ होतो. केपी १ वर पडून असलेल्या दिवशीही मध्यान्हाच्या खंडात के ४ येत होता. जास्त अक्षांशांवर मर्यादा मोठ्या असल्याने हा दोष कमी बोचतो. कमी अक्षांशांवर मात्र त्याने सारे निकाल बिघडतात.

१५ सप्टेंबर

फिनलंडच्या हवामान संस्थेची पद्धत बसवली. के च्या संगणकीय मोजणीसाठी मान्य झालेल्या मोजक्या पद्धतींपैकी ही एक आहे आणि प्रोग्रॅममध्ये उतरवायला सर्वांत सरळ आहे. आधी कच्च्या पल्ल्यावरून के चा अंदाज घ्यायचा. मग प्रत्येक तासाची सरासरी काढताना त्या तासाच्या दोन्ही बाजूंची काही मिनिटेही धरायची, आणि ती मिनिटे हालचाल जितकी जास्त तितकी वाढवायची: के च्या ३.३ व्या घाताएवढी. के ५ असेल तर सुमारे दोनशे मिनिटे येतात, के १ असेल तर एकच. शिवाय रात्री १२० मिनिटे आणि पहाटे व संध्याकाळी ६० मिनिटे आणखी मिळवायची. दिवसा काहीच मिळवायचे नाही. या सरासऱ्यांवर पाच आवर्तनांचा सुसंवादी वक्र (साइन-लहरींची बेरीज) बसवायचा, तो मूळ नोंदींतून वजा करायचा, नवा के काढायचा आणि हे सारे पुन्हा एकदा करायचे.

यात एक बारकावा आहे जो कोणाच्याही नजरेतून सुटेल. के चे कालखंड जागतिक वेळेचे असतात, पण वरची रात्र आणि पहाट स्थानिक वेळेची असते, कारण ती सूर्यावर अवलंबून आहे. दोन्ही ठिकाणी जागतिक वेळ वापरली तर शांत रेषा दुपारी सपाट होते आणि १ सप्टेंबरचा तोच खोटा उंचवटा परत येतो.

प्रोग्रॅम आपल्या यंत्राच्या नोंदींवर तपासण्यात अर्थ नव्हता, कारण खरे उत्तर ठाऊक नाही. म्हणून इंटरमॅग्नेट या वेधशाळांच्या जागतिक जाळ्याकडून नीमेग्कच्या मे २०२४ च्या मिनिटांच्या नोंदी घेतल्या, मर्यादा ५०० ठेवली आणि येणारे के त्या वेधशाळेच्या प्रसिद्ध के शी ताडून पाहिले. बहुतेक कालखंड जुळले आणि न जुळणाऱ्यांत एकाच पायरीचा फरक होता. ही तपासणी सोडून पुढे जाऊ नये असे माझे ठाम मत आहे: ती केल्याशिवाय यंत्राचा दोष आणि गणिताचा दोष वेगळे करता येत नाहीत.

१३ ऑक्टोबर

१० तारखेला जागतिक वेळेनुसार सव्वातीनच्या सुमारास दुपारी सूर्यावरून आलेला द्रव्यझोत पृथ्वीवर आदळला आणि क्षैतिज घटकाने एकदम उसळी घेतली. काही मिनिटे रेषा वर राहिली, आणि मग कित्येक तास चालणारी घसरण सुरू झाली. वादळ जी४ श्रेणीचे ठरले. ११ तारखेच्या पहाटेपर्यंतची रेषा पाहताना वादळाच्या सगळ्या अवस्था एकाच कागदावर वाचता येतात: धक्का, घसरण, तळ आणि संथ चढ. जमिनीत पुरलेल्या एवढ्याशा सेन्सरमधून हे दिसावे याचा आनंद फार मोठा होता.

पण के च्या दृष्टीने एक नवा प्रश्न निघाला. ११ तारखेच्या उत्तरार्धात आणि १२ ला स्थानिक के २-३ वर आला, तरी क्षैतिज घटक अजून नेहमीच्या पातळीच्या बराच खाली होता. हा के चा दोष नाही. पृथ्वीभोवती, विषुववृत्ताच्या पातळीत, वादळात जो वलयप्रवाह बळावतो तो ओसरायला दिवस लागतात, आणि तीन तासांच्या पल्ल्यात इतका संथ बदल दिसतच नाही. त्यासाठी डीएसटी हा वेगळा निर्देशांक आहे: हर्मेनस, काकिओका, होनोलुलू आणि सान हुआन या चार कमी अक्षांशांच्या वेधशाळांवरून तो दर तासाला काढतात आणि क्योटो येथून प्रसिद्ध होतो. या वादळात तो उणे ३०० नॅनोटेस्लाच्याही खाली गेला. कमी अक्षांशावर यंत्र असेल तर आपली कच्ची रेषा केपीपेक्षा डीएसटीशीच अधिक मिळतीजुळती असते. १८५९ च्या वादळाची तीव्रता ठरवताना संशोधक कुलाबा वेधशाळेतील क्षैतिज घटकाच्या नोंदींकडे वळतात तेही याचमुळे.

याच संथ चढामुळे शांत रेषेत आणखी एक खोट शिरली. माझा वक्र फक्त चोवीस तासांवर बसत होता आणि सुसंवादी वक्र दिवसाच्या दोन्ही टोकांना एकच किंमत गृहीत धरतो. क्षेत्र दिवसभर चढत असेल तर मध्यरात्रीपाशी वक्र आणि नोंद यांच्यात फट पडते आणि दिवसाच्या पहिल्या व शेवटच्या खंडात के विनाकारण वाढतो. आता आधी एक सरळ रेषा वजा करतो आणि वक्रासाठी आदल्या व पुढच्या दिवसाचे तासही धरतो. याची किंमत अशी की आजचा पक्का के उद्याच्या नोंदी आल्यावरच मिळतो.

२७ ऑक्टोबर

केपीशी तुलना. एका केंद्राचा के पूर्णांक असतो. केपीतील तृतीयांश अनेक केंद्रांच्या सरासरीतून येतात. शिवाय प्रत्येक केंद्राचा के आधी ऋतू आणि कालखंड यांनुसार ठरलेल्या कोष्टकातून प्रमाणित केला जातो आणि मगच सरासरीत घेतला जातो. त्यामुळे एका पायरीचा फरक दिसला म्हणून काहीही दुरुस्त करू नये. तुलना त्याच दिवशीच्या घाईच्या केपीशी करू नये हेही लक्षात आले. जीएफझेडच्या फाइलमध्ये प्रत्येक ओळीला ती किंमत प्राथमिक आहे की अंतिम हे सांगणारा अंक असतो. अंतिम झालेल्याच ओळी घ्याव्यात. अमेरिकेतील अवकाश हवामान केंद्र जो केपी जाहीर करते तो कमी केंद्रांवरून काढलेला अंदाज असतो आणि जीएफझेडच्या केपीपेक्षा कधीकधी वेगळा असतो.

के ९ ची मर्यादा ३०० वरून थोडी खाली आणली की माझा आलेख केपीवर अधिक छान बसतो, हे करून पाहिले आणि पूर्ववत केले. ही मर्यादा अशी ठरवायची असते की दीर्घकाळात त्या केंद्रावरील के च्या किंमतींची वाटणी नीमेग्कसारखी व्हावी, आणि त्यासाठी वर्षांच्या नोंदी लागतात. चार-पाच महिन्यांवरून ती हलवणे म्हणजे यंत्राला हवे ते उत्तर वदवून घेणे आहे.

१७ नोव्हेंबर

धक्क्याच्या वेळा तपासण्यासाठी तीन तासांचा खंड फार मोठा पडतो. म्हणून जीएफझेडचा अर्ध्या तासाचा एचपी३० निर्देशांक शेजारी लावला आहे. तो १९८५ पासून उपलब्ध आहे आणि वरच्या टोकाला ९ वर थांबत नाही, त्यामुळे मोठ्या वादळांतील चढउतार त्यात वेगवेगळे दिसतात. १० ऑक्टोबरच्या धक्क्याची वेळ माझ्या मिनिटांच्या नोंदींशी त्या अर्ध्या तासाच्या मर्यादेत जुळते.

सध्या प्रोग्रॅम रोज कच्चा के काढतो आणि एक दिवस उशिराने पक्का. उरलेली कामे अशी आहेत की गाड्यांच्या पायऱ्यांसाठी वीस मीटर पलीकडे दुसरा सेन्सर बसवायचा आणि दोघांतील फरकावरून स्थानिक गडबड ओळखायची, आणि पावसाळ्यात पाइपच्या तळाशी ओल चढते का ते पाहायचे. आवर्तनांची संख्या, गुणक, मर्यादा आणि घड्याळाची स्थिती आता प्रत्येक दिवसाच्या फाइलच्या पहिल्या ओळीतच लिहिली जाते.